काळी दोनवरून काळी एक

लकी अलीचा ‘सुनो’ हा अल्बम १९९६ साली आला आणि त्यातल्या ‘ओ सनम’ने माझ्या वयाच्या कितीतरी मुलांच्या हाती गिटार दिली. मीही त्यातलाच. पुढे २००१ साली घरच्या संगणकासमोर बसून मी ते गाणं माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं. संगणकाबरोबर मिळालेला बोटाएवढा माइक आणि मागे पंख्याची घरघर. सीडी करून मित्रांना वाटली. ‘‘छान गातोस रे’’ असं सगळे म्हणाले आणि मी ते खरं मानलं.

गेल्या दिवाळीत मुलीनं कंडेन्सर माइक आणि ऑडिओ इंटरफेस आणला. म्हटलं, तेच गाणं आता चांगल्या साधनांवर करू. हा माइक मोठा तिखट कानांचा. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. भिंतींवरून आवाज परत येऊ नये म्हणून पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या. तोंड माइकपासून वीतभर लांब आणि मध्ये जाळी, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना हवेचा फटका बसत नाही. आधी गिटार मुद्रित केली, मग ती हेडफोनवर ऐकत गायलो.

आणि ऐकलं. मंडळी, त्या पंख्यानं इतकी वर्षं माझी केवढी अब्रू झाकली होती! वरचा सूर किंचित उतरलेला, ओळ संपण्याआधी श्वास संपलेला. आणखी चार वेळा गायलो. तेच.

मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, सॉफ्टवेअरनं सूर वर उचलता येतो. मिनिटाचं काम आहे.’’ तिनं करूनही दाखवलं. सूर अगदी जागेवर आला. मला मात्र लाज वाटली, माझा पेपर दुसऱ्यानं लिहून द्यावा तशी.

वयामुळे आवाज उतरला असेल, अशी समजूत घालून घेत जुनी सीडी लावली. हेडफोनवर नीट ऐकली. तिथंही तोच सूर तसाच उतरलेला! म्हणजे वयाला दोष देण्याचीही सोय राहिली नाही. ती पट्टी मला तेव्हाही पेलत नव्हती. ऐटीखातर धरली होती.

मग गिटारवरचा कॅपो तिसऱ्या पडद्यावरून पहिल्यावर आणला. पेटीच्या भाषेत, काळी दोनवरून काळी एक. दोन आठवडे रोज सकाळी फक्त श्वास कुठे घ्यायचा, एवढंच घोटलं. मगच पुन्हा गोधड्या टांगल्या. या वेळी ओळ संपली तरी श्वास उरला. मुलीनं काही न बोलता अंगठा दाखवला.

ते मुद्रण एका जुन्या मित्राला पाठवलं. त्याचा फोन आला, ‘‘अरे, आज पहिल्यांदा तुझं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.’’

त्या सीडीबद्दल मी त्याला काही विचारलं नाही.