निळ्या दगडाची परीक्षा



इंग्लंडच्या वायव्य भागांत, कंब्रिया परगण्यांत, कॅल्डबेक नांवाच्या टेंकड्या आहेत. तेथील रफटन गिलच्या परिसरांत सोळाव्या शतकांत जर्मन खाणकामगारांनीं तांबें व शिसें काढलें. पुढें खाणी बंद पडल्या आणि टाकून दिलेल्या दगडांचे ढीग तेवढे उरले. या ढिगांतला एखादा दगड फोडावा, तों त्याच्या भेगेंत गर्द निळा पापुद्रा चमकतो. पाहणारा सहज म्हणून जातो, 'हें ॲझुराइट!' तांब्याचें हें कार्बोनेट पुष्कळ ठिकाणीं आढळतें. पण येथें तो पापुद्रा लिनाराइटचा, म्हणजे शिसें व तांबें यांच्या दुर्मिळ सल्फेटचा, असण्याचा बराच संभव असतो. स्पेनमधील लिनारेस या खाणींच्या गांवावरून ग्लोकर यानें १८३९ सालीं त्याला हें नांव दिलें.

दोहोंतील भेद ओळखावा कसा? रंगावर भिस्त ठेवूं नये. वजनाचें म्हणाल, तर लिनाराइटचें विशिष्ट गुरुत्व सुमारें ५.३ आणि ॲझुराइटचें ३.८. पुस्तकांत हा फरक मोठा दिसतो. परंतु नखाएवढ्या पापुद्र्याचें वजन डोंगरावर कोण करणार? त्यापेक्षां शेजार पाहावा. जवळपास गॅलिना, म्हणजे शिशाचें करडें, चकचकीत सल्फाइड असेल, तर लिनाराइटची आशा धरावी. मग तांब्याच्या तुकड्यानें कडेला हलकेंच ओरखडून पाहावें. लिनाराइटवर ओरखडा उमटतो, ॲझुराइटवर उमटत नाहीं.

खरा निवाडा होतो तो अम्लाच्या थेंबानें. सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल ॲझुराइटच्या कणावर टाकलें कीं बुडबुडे उठतात. लिनाराइट मात्र फसफसत नाहीं. थोड्या वेळानें त्याच्यावर पांढुरका थर येतो, कारण तेथें शिशाचें क्लोराइड तयार होतें. यांत एक मेख आहे. कणाला मॅलाकाइट किंवा कॅल्साइट चिकटलेलें असेल, तर फेस त्यांचा येतो आणि बिचारें लिनाराइट ॲझुराइट ठरतें! चिठ्ठीवर एकदां तसें लिहिलें गेलें, कीं पुढचा अभ्यासक त्या दगडांत शिसें असेल अशी शंकाही घेणार नाहीं. म्हणून डोळ्याला भिंग लावून बुडबुडा नेमका कोठून उठतो तें पाहावें. आणि हा प्रयोग वेगळ्या काढलेल्या कणावरच करावा. सबंध नमुन्यावर थेंब सोडला, तर तो कायमचा विद्रूप होतो.

आपल्याकडे द्राक्षबागांवरील फवाऱ्यांत घालतात तो मोरचूदही निळें सल्फेटच. पण तो पाण्यांत चटकन् विरघळतो. लिनाराइट कंब्रियाच्या पावसांतही टिकून राहतें. तेव्हां पाण्याचा एक थेंब या दोघांची फारकत करावयास पुरे.

कॅल्डबेकच्या टेंकड्यांवरून आतां परवानगीवांचून दगड नेतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. आणि नमुना हाताळल्यावर, खाण्यापिण्यास हात लावण्यापूर्वीं, ते स्वच्छ धुवावे. कारण त्यांत शिसें असतें.