छातीतले पाणी आणि क्षयाची पारख



क्षयाचे नाव काढले की डोळ्यांपुढे खोकला आणि रक्ताचा बेडका उभा राहतो. परंतु आज आम्ही ज्या क्षयाविषयी बोलणार आहोत, त्यात बेडका बहुधा पडतच नाही. हा क्षय फुप्फुसाभोवतीच्या पातळ, दुपदरी आवरणाचा. सातारा काय, सांगली काय, लोक 'छातीत पाणी झाले' एवढेच म्हणतात.

त्याचा आरंभ फसवा असतो. एका कुशीत कळ येते, श्वास घेताना ती वाढते. कोरडा खोकला व अंगात कणकण असते. घरचे म्हणतात, उसण भरली! मग वीट तापवून शेकतात, पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. काही दिवसांत कळ कमी होते आणि गुण आला असे वाटते. वस्तुतः मध्ये पाणी साठल्यामुळे दोन पदर एकमेकांवर घासायचे थांबलेले असतात. पुढे दम लागू लागतो.

तेलाचा डबा किती भरला आहे, हे वाणी टिचकी मारून सांगतो. आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन वैद्याने 1761 साली हीच युक्ती छातीसाठी ग्रंथात मांडली. पाणी असेल तेथे आवाज बद्द येतो. आज क्ष-किरण आणि सोनोग्राफीही आहे. परंतु पाणी आहे एवढे कळून भागत नाही. ते हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकाराने होते, कर्करोगानेही होते. म्हणून सुईने थोडे काढून तपासावे लागते.

क्षयाचे पाणी बहुधा पेंढ्याच्या रंगाचे असते. त्यात प्रथिने आणि लिंफोसाइट जातीच्या पेशी पुष्कळ आढळतात. जंतू मात्र थोडे असल्याने क्वचितच दिसतात. 'जंतू नाहीत' असा कागद आला म्हणजे क्षय नाही, असे नव्हे! एडीए नावाच्या विकराचे प्रमाण 40 च्या वर असल्यास संशय बळावतो. तरीही शंका उरली तर आवरणाचा बारीक तुकडा तपासतात.

एवढा खटाटोप कशाला? कारण हे पाणी पुष्कळदा औषधावाचूनही उतरते, आणि रोग आत राहतो. औषधे येण्यापूर्वी असे पाणी झालेल्या 141 अमेरिकन सैनिकांची हकीकत 1955 साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे 65 टक्क्यांना पुढे उघड क्षय झाला.

सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीचे नाव आपणांस क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे ठाऊक आहे. पूर्वी अशा ठिकाणी विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न यांवरच मुख्य भिस्त असे. आज साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी हा रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. मात्र ती अर्ध्यावर सोडता कामा नयेत.

तेव्हा घरी कोणाच्या छातीत पाणी झाले, तर ते उतरले का, एवढेच विचारून थांबू नका. ते कशाचे होते, हेही डॉक्टरांना अवश्य विचारा.