मौजेतला वाटा : पावसाळी थीम पार्क आणि मिळवती मुले



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून पाहुण्यांनी यश, स्पर्धा आणि करिअर यांविषयी बोलावे असा प्रघात आहे आणि तो वावगा नाही; परंतु नाशिकच्या द्वारका परिसरात शिकणारे बहुतेक विद्यार्थी येत्या काही वर्षांत मिळवते होतील, मुंबई–आग्रा आणि नाशिक–पुणे हे जे दोन महामार्ग द्वारका चौकात एकमेकांना मिळतात त्यांपैकी एकाने त्यांतले पुष्कळजण नोकरीसाठी बाहेरगावी जातील, आणि त्यानंतर आईवडिलांशी त्यांचा प्रत्यक्ष सहवास मुख्यतः सुट्टीच्या दिवसांपुरता उरेल. म्हणून ती सुट्टी कशी घालवावी, हा प्रश्न करिअरच्या प्रश्नाइतकाच त्यांच्या वाट्याला येणारा आहे. त्या प्रश्नाचे एक छोटे, वरवर किरकोळ वाटणारे उदाहरण या भाषणासाठी निवडले आहे, ते असे की मिळवता मुलगा किंवा मिळवती मुलगी आईला अथवा वडिलांना घेऊन थीम पार्कमध्ये जाते आणि नेमका त्या दिवशी पाऊस कोसळतो.

थीम पार्क म्हणजे केवळ पाळण्यांचे मैदान नव्हे; एखादे कल्पनासूत्र, मग ते परीकथेचे असो, चित्रपटाचे असो वा पुराणकथेचे, ठरवून त्याभोवती इमारती, खेळ, संगीत आणि खाद्यगृहे यांची एकत्र मांडणी ज्या उद्यानात केलेली असते, त्याला ही संज्ञा लावतात. या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना असलेले डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील अनाहाइम येथे उघडले. त्याच्या कल्पनेचा उगम वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः सांगून ठेवला आहे: लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील चक्री पाळण्यावर त्यांच्या मुली बसत आणि ते बाकावर बसून त्यांच्याकडे पाहत राहत, तेव्हा पालक आणि मुले दोघांनाही मिळून मौज करता येईल अशी जागा असायला हवी, असे त्यांना वाटले. म्हणजे बाकावर ताटकळणाऱ्या पालकाचा कंटाळा हे या संस्थेच्या जन्माचे एक कारण आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात मौजेची सार्वजनिक जागा म्हणजे दीर्घकाळ जत्राच होती, आणि नाशिककरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही, कारण नवरात्रात कालिकामातेच्या यात्रेत रहाटपाळणे, खेळण्यांची दुकाने आणि भेळीच्या गाड्या आजही लागतात. तिकीट काढून दिवसभर आत राहण्याचे उद्यान मराठी कुटुंबांच्या परिचयाचे झाले ते 1989 मध्ये मुंबईजवळ गोराई येथे सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डमुळे. त्याच्या शेजारी 1998 मध्ये वॉटर किंगडम आले, 2013 मध्ये रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले, आणि ज्या मालपाणी समूहाने 2022 मध्ये इमॅजिका ताब्यात घेतले, त्या संगमनेरच्या समूहाने शिर्डीत साई तीर्थ हे भक्तिविषयक थीम पार्क उभारले आहे. या क्रमाचा सामाजिक अर्थ असा की 1990 च्या दशकात ज्या मुलांना आईवडिलांनी बोटीतून गोराईला नेले, ती आज तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांचे आईवडील साठी-सत्तरीत. लहानपणी थीम पार्क पाहिलेली आणि प्रौढपणी आईवडिलांना तेथे नेऊ शकणारी ही महाराष्ट्रातील पहिलीच पिढी होय, आणि आज या सभागृहात बसलेले विद्यार्थी तिच्या मागोमाग येत आहेत.

त्या पहिल्या सहलींत पालकांचा वाटा काय होता, हे बहुतेक घरांतील जुन्या छायाचित्रांवरून कळते. मुले पाळण्यात असत आणि आई चपला, पिशव्या, पुऱ्यांचा डबा व कोरडे कपडे सांभाळत खाली उभी असे. वडील पुढच्या रांगेचा अंदाज घेत किंवा छायाचित्र काढत, आणि म्हणून बहुधा कोणत्याच छायाचित्रात नसत. ज्या बाकावर डिस्नेलँडची कल्पना सुचली तो महाराष्ट्रात आला तेव्हाही रिकामा राहिला नाही, कारण तिकीट सर्वांचे काढले तरी मौज मुलांची आणि राखण मोठ्यांची, ही विभागणी घरातून निघतानाच ठरलेली असे.

प्रौढ अपत्य पालकाला घेऊन निघते तेव्हा ही विभागणी नाहीशी होत नाही, उलटी मात्र होते. आता गाडी, तिकीट आणि वेळापत्रक मुलाच्या हाती असते, आणि पालकाने काय खावे, कोठे बसावे, कोणता पाळणा टाळावा, हेही तोच ठरवू लागतो. या सहलीला पाऊस गाठतो तोही निव्वळ योगायोगाने नव्हे. शाळकरी मुलांच्या सहली मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत होत असत, तर नोकरदाराला लागून सुट्ट्या मिळतात त्या पुष्कळदा 15 ऑगस्टच्या आगेमागे, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्यामुळे प्रौढपणीची कौटुंबिक सहल वारंवार छत्रीखाली पार पडते.

किती पाऊस गाठेल हे मात्र कोणता रस्ता धरला यावर अवलंबून असते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर व घाटमाथ्यावर रिकामे होतात. याला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणाऱ्या वाऱ्यात बाष्प कमी उरते, म्हणून तिकडचा प्रदेश पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराच्या आडोशामुळे कमी पावसाच्या पट्ट्यात, येतो. घाटमाथ्यावरील इगतपुरीला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील सिन्नर–शिर्डी पट्ट्यात सुमारे 500 मिलिमीटर. द्वारकेहून कसारा घाट उतरून खोपोलीकडे जाणाऱ्या कुटुंबाने दिवसभराची झड गृहीत धरावी, आणि नाशिक रोड, सिन्नर, वावी या मार्गाने शिर्डीला जाणाऱ्याने एखाद-दुसरी सर.

झड लागली की मोकळ्यावरचे मोठे खेळ थांबतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या अनेकांना ती व्यवस्थापनाची अडवणूक वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. रोलर कोस्टर, म्हणजे साखळीने उंचावर ओढून नेलेली व तेथून केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर रुळांवरून धावणारी डब्यांची माळ, चालते ती उंचीवर साठवलेल्या स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होऊन. इमॅजिकातील नायट्रो हा कोस्टर सुमारे 40 मीटर उंचीचा असून त्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या वेगात पावसाचे थेंब चेहऱ्याला टोचतात, ओल्या रुळांवर चाकांची पकड आणि घर्षणावर चालणारे ब्रेक यांचे वर्तन बदलते, आणि विजा चमकत असतील तर उघड्यावरचा उंच पोलादी सांगाडा ही आसऱ्याची जागा राहत नाही. याच कारणाने विजेच्या वेळी जलक्रीडेच्या तलावांतूनही लोकांना बाहेर काढतात. हलक्या सरीत कोणता खेळ चालू ठेवायचा हे त्याच्या रचनेवर आणि चालवणाऱ्या संस्थेच्या नियमांवर ठरते, म्हणून थांबवणाऱ्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा त्याचे ऐकणे शहाणपणाचे असते.

अशा वेळी उरतात ते छपराखालचे खेळ, आणि पावसाळी दिवसाचे खरे वैशिष्ट्य येथे दिसू लागते. ज्या देशांत पाऊस नित्याचा आहे तेथील नियोजनकारांनी त्याची दखल आधीच घेतली. 1983 मध्ये उघडलेल्या टोकियो डिस्नेलँडच्या प्रवेशमार्गावरील बाजारपेठेवर काचेचे छप्पर आहे ते तेथील हवामानामुळे. महाराष्ट्रातील उद्यानांतही बंद इमारतींतले खेळ आहेत. त्यांतील एका प्रकाराला डार्क राइड म्हणतात, ज्यात अंधाऱ्या इमारतीतून ठरलेल्या मार्गाने गाडी जाते आणि देखावे एकामागून एक उजळत जातात. दुसऱ्यात पडद्यावरच्या दृश्याबरोबर आसने हलतात. इमॅजिकाने अशा खेळांसाठी अलीबाबाची गोष्ट घेतली, तसेच 1987 चा ‘मिस्टर इंडिया’ हा चित्रपटही घेतला. शिर्डीच्या साई तीर्थमध्ये देशभरातील मंदिरांच्या प्रतिकृतींमधून नेणारी सफर आहे, लंकादहनाची कथा आहे आणि साईबाबांच्या द्वारकामाईचा देखावा आहे. या यादीत एक गोष्ट उघड दिसते, ती ही की कोस्टरवर वय आड येते, परंतु कल्पनासूत्राच्या खेळात वयाचाच उपयोग होतो. ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटगृहात पाहिलेली आई ज्या संदर्भांवर हसते ते मुलाला विचारून घ्यावे लागतात, आणि हनुमानाच्या शेपटीला आग कोणी व का लावली हे वडिलांना सूत्रसंचालकाकडून ऐकावे लागत नाही. पाऊस कोस्टर बंद करतो तेव्हा सहलीचे नेतृत्व काही तासांसाठी पुन्हा पालकाकडे जाते, आणि मुलाच्या वेळापत्रकात पालकाला जे स्थान नव्हते ते हवामान मिळवून देते.

हे स्थान एरवी का मिळत नाही, याचे उत्तर आपल्या कर्तव्यकल्पनेत आहे. श्रावणबाळाचा आदर्श मराठी घरांत सांगितला जातो, आणि त्या कथेतील निष्ठा थोर आहे याबद्दल वाद नाही. तथापि तिचे जे चित्र मनात ठसते त्यात चालतो, वाट निवडतो, पाणी आणतो तो मुलगा, आणि आईवडील कावडीत बसून असतात. कायद्याची भाषाही याहून फारशी वेगळी नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या 2007 च्या केंद्रीय अधिनियमात चरितार्थ या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार यांचा समावेश केला आहे, आणि कायद्याने तेवढेच सांगावे हे योग्यही आहे, कारण न्यायाधिकरणाला गंमत करण्याचा आदेश देता येत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. एवढ्या मोठ्या समुदायाच्या वाट्याला औषध, पथ्य आणि तीर्थयात्रा एवढेच यावे आणि मौज हा शब्द त्यांच्याबाबतीत उच्चारताही येऊ नये, ही उणीव कायद्याने भरून निघणारी नाही. ती घराघरांतच भरून काढावी लागते.

येथे काळजीचा मुद्दा निघतो आणि तो खोटा नाही. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे वा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असणाऱ्यांनी वेगवान खेळ टाळावेत अशी पाटी रांगेच्या तोंडाशी असते, ओल्या फरशीवर पाय घसरतो, आणि गुडघ्यांना जिने नकोसे होतात. मात्र त्या पाटीवरचा मजकूर पालकालाही वाचता येतो आणि स्वतःचे दुखणे त्यालाच अधिक ठाऊक असते, हे काळजीच्या भरात विसरले जाते. पावसात म्हातारी माणसे आजारीच पडतात, ही समजूतही तपासून पाहावी. आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नाशिक, पळसे, सिन्नर अशी पंढरपूरकडे जाते, आणि शिर्डीला जाणाऱ्या मोटारी ज्या रस्त्याने सिन्नरपर्यंत धावतात त्याच पट्ट्यातून साठी-सत्तरीचे वारकरी दरवर्षी पाऊस अंगावर घेत पायी जातात. ज्याला चालायचे आहे त्याला पाऊस अडवत नाही, आणि ज्याला नको आहे त्याला छत्री देऊनही नेऊ नये. दोन्ही बाबतींत निर्णय ज्याचा त्याचा.

सेवा आणि सोबत यांतील फरक येथे स्पष्ट करता येतो. सेवेत एकजण देतो व दुसरा घेतो, आणि देणाऱ्याची सोय बऱ्याचदा घेणाऱ्याच्या इच्छेवर मात करते. सोबतीत दोघांनाही हो किंवा नाही म्हणता येते, दोघांनाही कंटाळा येण्याची मुभा असते, आणि दिवस फसला तर तो दोघांचाही फसतो. आजारपणात सेवाच लागते आणि तेथे कुचराई चालत नाही, परंतु धडधाकट आईवडिलांना केवळ सेवेचे विषय मानणे हा त्यांच्या प्रौढपणाचा अवमान आहे. बंद पडलेला पाळणा, ओले बूट आणि भज्यांच्या काउंटरपुढची न सरकणारी रांग यांत पालक आणि अपत्य सारखेच अडकलेले असतात, म्हणून चांगल्या हवेत न जमलेली बरोबरी पावसात जमून जाते.

यातून निघणाऱ्या सूचना साध्या आहेत. सहलीचे ठिकाण ठरवण्यापूर्वी आईला आणि वडिलांना वेगवेगळे विचारावे, कारण एकत्र विचारले की ‘तुम्ही म्हणाल तिथे’ हेच उत्तर येते. पावसाळ्यात निघायचे तर छपराखालचे खेळ कोणते, हे उद्यानाकडे आधीच चौकशी करून जाणून घ्यावे, कपड्यांचा एक जादा जोड आणि न घसरणाऱ्या तळव्यांची पादत्राणे घ्यावीत, आणि तिकिटाचे पैसे वसूल करण्याचा हट्ट गेटबाहेर ठेवावा. आईने पाळण्यात बसायचे म्हटले तर पाटी तिच्यासोबत वाचावी आणि शेजारी बसावे; ती नको म्हणाली तर एकदाच विचारून थांबावे. पिशव्या सांभाळण्याची पाळी या वेळी मुलांनी घ्यावी आणि छायाचित्र काढताना वडिलांनाही चौकटीत घ्यावे.

विद्यार्थिमित्रहो, आज या मंचावर तुम्ही पारितोषिके घेत असताना ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते पालक गेली अठरा-वीस वर्षे अशाच समारंभांत खाली बसून टाळ्या वाजवत आले आहेत. पहिला पगार झाल्यावर त्यांच्यासाठी साडी, घड्याळ किंवा मोबाइल अवश्य घ्यावा. परंतु त्याच महिन्यात त्यांना स्वतःच्या मौजेसाठी कोठे जावेसे वाटते हेही विचारावे, उत्तर अनपेक्षित आले तरी ते बदलू नये, आणि पावसाचे दिवस आहेत या सबबीवर बेत पुढे ढकलू नये.