दांडा तोच, तार नवी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सत्कार झाले, आता पाच मिनिटं एका जॉयस्टिकसाठी मागून घेतो.

आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. मुलांना ते चांगलं आठवत असेल! मशिनं पुढे भंगारात गेली, पण एक पॅनेल मित्राने माळ्यावर जपून ठेवलं होतं. मागच्या दिवाळीत ते घेऊन आला आणि म्हणाला, "हे कॉम्प्युटरवर चालव. फक्त बाबांचे टाके उसवू नकोस." टाके म्हणजे वडिलांनी स्वतः सोल्डर केलेले सांधे. ते आता नाहीत.

पॅनेल उघडलं. चार दिशांचे चार मायक्रोस्विच, बटणांचे वेगळे. दांडा डावीकडे ढकलला की टेकूखालचं टोक उजवीकडे जातं आणि उजवीकडचा स्विच दाबला जातो. सर, तुम्ही शिकवलेली तरफच ही! प्रत्येक स्विचची एक तार सामाईक ग्राउंडला, दुसरी गेमच्या बोर्डाकडे. जपानमध्ये १९८५ साली ठरलेल्या जॅमा पद्धतीत यासाठी ५६ संपर्कांची एकच पट्टी असे.

दांडा फक्त परिपथ जोडतो आणि तोडतो. पुढे कुठलं यंत्र आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. यूएसबीला मात्र ठरलेल्या भाषेत संदेश लागतो. म्हणून मध्ये दुभाषा बसवला : एटीमेगा ३२यू४ चिपचा छोटा बोर्ड. त्याची पिन ५ व्होल्टवर धरलेली असते. स्विच दाबला की ती ग्राउंडला जाते आणि बोर्ड कॉम्प्युटरला 'डावीकडे' असं कळवतो. संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात. प्रोग्रॅमने तेवढा वेळ थांबायचं, नाहीतर एका दाबाचे चार मोजले जातात.

नव्या तारा मी जुन्या तारांच्या मोकळ्या टोकांना जोडल्या. वडिलांचा एकही सांधा गरम केला नाही. उद्या जुना गेम बोर्ड मिळाला, तर माझी जोडणी काढून तो पुन्हा लावता येईल.

आपल्या मुलांच्या हातातल्या वस्तू चिकटवून बंद केलेल्या असतात. बिघडल्या की नव्या. आपल्याला मात्र या शाळेने झाकण उघडायला शिकवलं. ती सवय पुढे देणं आता आपल्याकडे आहे.

पॅनेल शेजारच्या वर्गात मांडलंय. जेवणानंतर मुलांना घेऊन या, झाकण उघडंच ठेवलंय. नाणं लागणार नाही, रांग मात्र लागेल. पहिला डाव मित्राच्या आईचा. पार्लर सुरू असेपर्यंत काकूंनी एकदाही खेळून पाहिलं नव्हतं.