केपचें नाट्यगृह

दक्षिण आफ्रिकेंतील केप टाऊन शहरांत रीबेक चौक नांवाची जागा आहे. त्या चौकांत सेंट स्टीफन्स हें जुनें प्रार्थनामंदिर उभें आहे. डच सुधारित पंथाच्या मंदिरांना संतांचीं नांवें देण्याची चाल नाहीं. हें मंदिर त्याला अपवाद आहे. परंतु याहूनही नवलाची गोष्ट अशी कीं, ही वास्तु मंदिर म्हणून बांधलीच गेली नव्हती. ती होती नाट्यगृह; आणि तेथें जर्मन लेखकांचीं नाटकें, डच भाषेचा पोषाख चढवून, इंग्रजांच्या अमलाखालीं कित्येक वर्षें रंगत होतीं.

केपची वसाहत डच ईस्ट इंडिया कंपनीनें १६५२ सालीं स्थापन केली. आपल्या बखरकारांनीं ज्यांना वलंदेज म्हटलें, तेच हे लोक. १७९५ मध्यें इंग्रजांनीं केप घेतलें, आणि गव्हर्नर सर जॉर्ज यंग यांच्या कारकीर्दींत बांधलेलें ‘आफ्रिकन थिएटर’ १८०१ सालीं उघडलें. वर रंगमंच, खालीं मालाच्या वखारी, अशी त्याची रचना होती. १८०३ मध्यें तहान्वयें वसाहत डचांकडे परत गेली; १८०६ मध्यें इंग्रजांनीं ती पुन्हां जिंकली आणि १८१४ मध्यें ती कायमची त्यांची झाली. निशाणें बदललीं, रंगमंच तोच राहिला.

या रंगमंचावर इंग्रज अधिकारी आपल्या भाषेंत खेळ करीत, तर डच नागरिकांच्या हौशी मंडळ्या आपल्या. मात्र डच मंडळ्यांचीं आवडतीं नाटकें बहुतांशीं डच लेखकांचीं नव्हतीं. त्यांचा सर्वांत लाडका नाटककार होता आउगुस्ट फॉन कोत्सेबू. हा १७६१ सालीं वायमार येथें जन्मला, त्यानें २०० हून अधिक नाटकें लिहिलीं, आणि १८१९ मध्यें मानहाइम येथें कार्ल झांट नांवाच्या विद्यार्थ्यानें त्याचा खून केला. घरगुती प्रसंग, सोपें गद्य, पश्चात्तापाचे अश्रु आणि शेवटीं समेट, हें त्याचें भांडवल. टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. पण हौशी नटांना झेपेल आणि प्रेक्षकांना रडवील असें तें लेखन होतें. त्याची कीर्ति युरोपांतच थांबली नाहीं. त्याच्या पेरूविषयक नाटकावरून शेरिडननें १७९९ सालीं ‘पिझारो’ रचलें, आणि ‘पिझारो’च्या आधारानें आगा हश्र काश्मीरी यांनीं आपल्या पारशी रंगभूमीसाठीं ‘असीर-ए-हिर्स’ हें उर्दू नाटक लिहिलें.

कोत्सेबूच्या नाटकांत कांहीं गानयुक्त नाटकेंही होतीं. जर्मनींत या प्रकाराला ‘झिंगश्पील’ म्हणतात. त्यांत संवाद बोलले जातात आणि मधून मधून पदें गायिलीं जातात. किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘शाकुंतला’पासून मराठी माणसास हा घाट परिचित आहे. ‘फोर्मेंतेरा बेटावरील एकांतवासी’ हें कोत्सेबूचें आरंभीचें नाटक या जातीचें होय. पेटर रिटर या संगीतकारानें १७८८ मध्यें मानहाइम येथें त्याला संगीत दिलें. पुढें याच नगरींत कर्त्याचा अंत व्हावा, हा दैवयोगच म्हटला पाहिजे.

अशा नाटकाचें भाषांतर करणाऱ्यास दुहेरी अडचण असते. गद्याचा अर्थ सांभाळला कीं पुरतें. पदाला मात्र चालीच्या मापांत बसावें लागतें. जर्मन आणि डच या भगिनी-भाषा असल्यानें त्यांचे आघात पुष्कळसे सारखे पडतात. त्यामुळें डच शब्द जर्मन सुरांवर फारशी ओढाताण न होतां बसूं शकतात.

१८२२ च्या जाहीरनाम्यानें सरकारी कामकाजांत डच भाषेच्या जागीं क्रमाक्रमानें इंग्रजी आणण्याचें ठरलें. कचेरींतून जी भाषा हद्दपार होऊं लागली, तिला रंगमंचावर तरी आसरा उरला. नाटक जर्मन होतें, पण प्रेक्षकांच्या कानीं पडत होती ती स्वतःची भाषा. उसन्या नाटकाचें खरें मोल तेथें होतें.

मात्र केपमध्यें ज्यांच्या मालकीचें कांहींच नव्हतें, असे हजारों लोक होते. मादागास्कर, मोझांबिक, जावाकडील बेटें, तसेंच आपला बंगाल आणि मलबार येथून आणलेले हे गुलाम. सधन घरांतून गुलाम वादक असत. नाचगाण्याच्या मेळाव्यांत पुष्कळदां त्यांचेंच वादन चाले. रंगमंचावर दीनदुबळ्यांच्या दुःखानें डोळे पुसणारे प्रेक्षक घरीं परतत, तें गुलामांच्या सेवेंत. ही विसंगति त्या काळीं फार थोड्यांना बोंचली.

१८३२ सालीं शार्ल एतिएन बोनिफास या फ्रेंच जन्माच्या लेखकानें मद्यपाननिषेधकांची थट्टा करणारें डच नाटक प्रसिद्ध केलें. तो १८०७ पासून केपला राहिलेला होता. त्याच्या कांहीं पात्रांच्या तोंडीं त्यानें तेथील सामान्य जनांची मोडकी डच बोली घातली. हेतु विनोदाचा होता. पण आज अभ्यासक त्या संवादांकडे आफ्रिकान्स भाषेचे आरंभीचे नमुने म्हणून पाहतात.

पुढें काळ पालटला. धर्मोपदेशकांचा नाटकांस विरोध वाढला आणि नाट्यगृह मोडकळीस आलें. १ डिसेंबर १८३४ रोजीं गुलामगिरी कायद्यानें संपली, पण सक्तीच्या उमेदवारीचीं आणखी चार वर्षें काढल्यावर, १ डिसेंबर १८३८ रोजीं, ३५ हजारांहून अधिक माणसें खरोखरी मुक्त झालीं. त्याच सुमारास आफ्रिकन थिएटर मुक्त गुलामांच्या शिक्षणासाठीं व उपासनेसाठीं घेण्यांत आलें. लूथरपंथी धर्मोपदेशक स्टेगमान यांनीं हें कार्य चालविलें. १८५७ मध्यें ती मंडळी डच सुधारित पंथांत सामील झाली. आंत मुक्त गुलाम जमले असतां बाहेरून दगड फेकले जात, म्हणून दगडांच्या मारानें हुतात्मा झालेल्या स्टीफनचें नांव मंदिरास मिळालें, अशी आख्यायिका आहे.

कोत्सेबूचीं नाटकें आतां क्वचितच कोणी खेळतें. त्यांनीं एका समाजाला त्याची भाषा कांहीं काळ ऐकविली, इतकें श्रेय त्यांना निश्चित द्यावें. परंतु टिकलें तें निराळेंच: थट्टेसाठीं लिहिली गेलेली बोली, आणि ज्यांना त्या नाट्यगृहांत मानाची जागा नव्हती, त्यांच्या हातीं आलेली ती वास्तु.