मायन्यापासून लोभापर्यंत

चीनमध्ये पत्राला साहित्याचा मान फार लवकर मिळाला. इसवी सनाच्या सहाव्या शतकात श्याओ थुंग नावाच्या राजपुत्राने निवडक लेखनाचा ‘वेन श्वान’ हा संग्रह केला, त्यात कवितांच्या जोडीला पत्रेही घेतली. इतिहासकार सीमा च्येन याने मित्राला लिहिलेले पत्र त्यात आहे. पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राटाने त्याला खच्ची करण्याची शिक्षा दिली होती. एवढ्या विटंबनेनंतरही आपण जीव का ठेवला, तर हाती घेतलेला इतिहास पुरा करायचा होता म्हणून, असे तो लिहितो. दोन हजार वर्षे लोक ते पत्र वाचत आले आहेत.

आपल्याकडे पत्रांना तोटा नव्हता. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांची मोडी दप्तरे वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. पुढच्याच वर्षी राजवाड्यांचा पहिला खंड निघाला. त्यातली पानिपताआधीची पत्रे वाईला मिळाली होती. साताऱ्यात पारसनीसांनी आयुष्यभर कागद जमवले. या मंडळींनी हात घातला नसता तर त्यातले किती कागद वाळवीच्या पोटात गेले असते, कोण जाणे!

पण छापून झाल्यावर ही पत्रे ‘साधने’ झाली. फौज किती, रक्कम किती, तारीख कोणती, एवढे टिपून घ्यायचे आणि पान उलटायचे. मायना तर कोणी वाचतच नाही. माझी तक्रार आहे ती इथे. खरेशास्त्री स्वतः कवी आणि नाटककार होते, तरी त्यांनी छापलेली पत्रे मराठीच्या वर्गात क्वचितच येतात.

मायना म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, विद्वानाला वेदशास्त्रसंपन्न, विधवेला गंगाभागीरथी. कोण कोणापुढे कुठे उभा आहे, ते पहिल्या ओळीतच ठरते. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा’. या दोन टोकांमधल्या जागेत माणसाला आपले बोलणे बसवावे लागे, जसे कवीला वृत्तात बसवावे लागते. चौकट ठरलेली असल्यामुळेच आतला मजकूर जरा हलला तरी लगेच जाणवतो.

धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार पारसनीसांनी प्रसिद्ध केला. स्वामी पेशव्यांचे गुरू आणि सावकारही. ज्याच्या घोडदळाचा उत्तरेत दरारा, तो बाजीराव या पत्रांत कर्जाने गांजलेला दिसतो आणि गुरूपुढे गाऱ्हाणे मांडतो. किंवा १७६० सालची भाऊसाहेबांची गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली पत्रे घ्या. पैसा पाठवा, नावा जमवा, हाच तगादा; पण एकामागून एक वाचत गेलो की सूर चढत जातो. पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक असते आणि लिहिणाऱ्याला नसते. कादंबरीकाराला हे मुद्दाम जुळवून आणावे लागते, इथे ते आपोआप आहे.

पारसनीसांचा साताऱ्यातला संग्रह १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तो निदान सांभाळला गेला. साध्या घरांतली पत्रे मात्र तारेला टोचलेली असत आणि घर विकताना तारेसकट रद्दीत जात. त्यांनाही दप्तरातलेच वळण होते. माथ्यावर श्री, मग मायना, मग येथील क्षेम. फक्त अशुभाच्या पत्रावर श्री नसे. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण कार्डाचा माथा मोकळा दिसला की ती मजकूर वाचण्याआधीच भिंतीला टेकून बसे. असे पत्र वाचून झाले की फाडून टाकत, घरात ठेवत नसत. म्हणून तारेवरची सगळी पत्रे उतरवून पाहिली तरी त्यात हे एक पत्र कधी सापडत नाही.