आतला दरडावणारा आवाज

‘बहुव्यक्तिमत्त्व’ हे एका मनोविकाराचं जुनं नाव. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाने १९९४ साली ते बदललं. आता म्हणतात ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’, थोडक्यात डीआयडी. एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी आळीपाळीने पुढे येतात. त्यांतली एखादी शिव्या देते, ‘कुणाला सांगितलंस तर बघ’ म्हणून धमकावते, शरीराला इजाही करते. सिनेमावाल्यांनी तर तिला खलनायकच केलं! मुळात ती बहुधा बालपणीच्या छळातून घडलेली असते. तोंड उघडलं की मार वाढायचा. म्हणून छळणाऱ्याचाच सूर उचलून तिने लेकराला गप्प ठेवलं. राखणच ती, वेडीवाकडी. छळ थांबल्याचं तिला अनेकदा ठाऊकच नसतं. म्हणून जाणते उपचारक तिला हाकलत नाहीत. ‘तुला कशाची भीती वाटते?’ असं विचारतात, आजचं साल सांगतात. इजेचा धोका वाटला, तर मात्र लगेच मदत घ्या. टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६, विनामूल्य, चोवीस तास.